कठड्यातला सहावा पोपट

मी ड्राफ्ट्समन आहे. बोईसरच्या एमआयडीसीत टाक्या, शिड्या, पाइपांचे आधार यांची ड्रॉइंगं काढतो. बारा वर्षं हेच चाललंय. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवतात: ड्रॉइंगमध्ये जे आहे ते दाखवायचं नसतं, जे असायला हवं ते दाखवायचं असतं. शॉपमधला, म्हणजे वर्कशॉपमधला, अँगल वाकला असेल तर ते वेल्डर बघेल, कागदावर तो सरळच हवा. नवा होतो तेव्हा मी एका जुन्या शिडीची मापं घेऊन आलो आणि तिचा वाकलेला पाय इमानदारीत वाकडाच काढला. आमच्या शेठने तो कागद सगळ्यांसमोर उंच धरला आणि विचारलं, "काय रे मनीष, शिडीला लकवा मारलाय का?" सगळं ऑफिस खो खो हसलं. त्यानंतर मी कधी काही वाकडं काढलं नाही.

हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. बाजू मांडावी असं काही माझ्याकडे नाहीच. घडलं कसं ते कळावं म्हणून सांगतोय.

गेल्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एक आर्किटेक्ट बाई ओळखीतून माझ्याकडे आल्या. हेतल मॅडम. तारापूर गावात खाडीच्या बाजूला खलाशी आळी म्हणून एक जुनी गल्ली आहे, तिथल्या सात घरांचे दर्शनी भाग मोजून काढायचे होते. रस्ता रुंद व्हायचा होता आणि ही सात घरं आडवी येत होती. जुन्या वास्तूंची कसलीशी समिती होती, तिच्यापुढे ड्रॉइंगं ठेवली की घरं यादीत येतील, वाचतील, असं मॅडमचं म्हणणं होतं. माझ्या बायकोने, अर्चनाने, तेव्हाच विचारलं होतं की तुला घरांचं काय कळतं? मी म्हटलं, टाकी काय नि घर काय, माप ते माप. कधीकधी माणूस इतका आत्मविश्वासाने मूर्खासारखं बोलतो की नंतर आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

घरं मात्र सुरेख होती. वाळूच्या रंगाच्या भिंती, खाली ओटा, आणि वर माडीला रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. आळीतले पुरुष पूर्वी गलबतांवर होते, मलबारकडून सागवान आणायचे आणि त्याचं काम घराच्या तोंडावर करून घ्यायचे. खिडक्यांना कमानी, दारावर वेलीची पट्टी. पण बघत राहावं असा होता सज्ज्याचा कठडा. दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये लाकडी पोपट बसवलेले. दोन पोपट चोचीला चोच लावून समोरासमोर, मग एक कलश, मग पुन्हा दोन पोपट. एका कठड्यात अठ्ठावीस. रस्त्यावरून बघा नाहीतर सज्ज्यात उभं राहून आतून बघा, दोन्हीकडून कोरलेले. वर्षानुवर्षं दिवाळीला हिरवा ऑइलपेंट मारून मारून त्यांची पिसं बुजली होती, नुसते आकार उरले होते.

सातांपैकी पाच घरं बंद होती. माणसं विरार-वसईला गेली होती, चाव्या शेजाऱ्यांकडे होत्या. पहिल्या घरात एक मास्तर राहत आणि पाचव्या घरात जमुना मावशी. साठीची बाई, सडपातळ, एकटी. सुक्या मासळीचं थोडंफार करायची. दोन दिवस तिनेच माझ्या टेपचं दुसरं टोक धरलं. बंद घरांच्या माड्या मला उघडून दिल्या, चहा पाजला, आणि दर तासाने एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, ह्या कागदानं घर राहील ना?"

"मावशी, कागदावर आलं म्हणजे वाचलं समजा," मी म्हणायचो. अगदी असंच म्हणायचो. मला समितीचं नावही धड माहीत नव्हतं.

तिच्या कठड्याशी मी वाकलो तेव्हा दिसलं की डावीकडून पाचव्या पोपटाच्या जागी नुसती खाच आहे, आणि सहावा उलटा बसवलाय. त्याची चोच खाचेकडे नव्हती, पलीकडच्या कलशाकडे होती. पोपट खिळ्याने ठोकलेले नव्हतेच, वर-खाली पाचर मारून बसवलेले होते, त्यामुळे कोणीही काढून फिरवावा इतकं सोपं काम. इतर घरांतही हेच. कुठे तीन खाचा, कुठे सात, कुठे दोन उलटे. मला वाटलं, पडले असतील, कोणा अडाणी सुताराने परत बसवताना घोळ घातला असेल. मनात हसलोसुद्धा. टेपचं टोक धरून ती खाली ओट्यावरच उभी होती, पण मी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय ती कशाला सांगेल?

बोईसरला आल्यावर मी पहिल्या घरातली एक जोडी मन लावून काढली. चोच, पंख, शेपटीचा बाक, खाली कलश. मग ती जोडी चौदा वेळा कॉपी केली आणि कठडा झाला. मग कठडा सात घरांना लावला. रुंदी थोडी कमीजास्त होती, तेवढी ओढून घेतली. खाचा भरल्या गेल्या, उलटे सुलटे झाले. सातही घरं कशी नवीकोरी, बांधल्याच्या दिवशी असतील तशी. खाली ठरलेला मजकूर टाकला, 'प्रत्यक्ष मोजमापानुसार', आणि सही केली. हेतल मॅडम खूश झाल्या. किती स्वच्छ काम, म्हणाल्या.

जानेवारीत समितीचा निर्णय आला. मॅडमनी फोनवर वाचून दाखवला, आवाज पडला होता त्यांचा. सातही घरांचे दर्शनी भाग सादर केलेल्या आराखड्यांनुसार एकसारखे असल्याने नमुन्यादाखल एक घर, क्रमांक एक, जतन करावे. उरलेल्या सहांना हरकत नाही.

"पण ती एकसारखी नव्हती," मॅडम म्हणाल्या. "मी एकदाच आले होते, पण मला थोडा फरक दिसल्यासारखं वाटलं होतं. होता का हो फरक?"

मी म्हटलं, बघून सांगतो. आणि फोन ठेवला.

चार दिवस मी काहीच केलं नाही, हेही सांगायला हवं. पाचव्या दिवशी पाचव्या घराची प्रिंट गुंडाळून तारापूरला गेलो. मावशीला नोटीस आली होती. तिने ती न फोडता देवाच्या फोटोमागे ठेवली होती. मी वाचून दाखवली. म्हटलं, हरकत घेता येते, पालघरला सुनावणी असते, मी येतो बरोबर. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आमचं घर कसं काडलंय ते तरी दाखवा."

ओट्यावर मी कागद पसरला. चार कोपऱ्यांवर तिने चार वाट्या ठेवल्या. दार ओळखलं, खिडक्या ओळखल्या, ओट्याची फुटकी पायरी मी चांगली करून ठेवली होती त्याबद्दल हसली. मग तिचं बोट वर सज्ज्याकडे गेलं आणि डावीकडून एकेक पोपट मोजत सरकलं. पाचव्याची खाच मी भरून टाकलेली तिच्या लक्षातही आली नाही; बोट सहाव्यावर थांबलं.

मी कधी कोणाचा चेहरा असा बदलताना पाहिला नव्हता. साठीची बाई माझ्यासमोर चाळिशीची झाली.

"ह्याला सरळ कोनी केला?" ती म्हणाली. "भाऊ, तुमी आलेले तवा हा सरळ होता? तुमच्या डोळ्यांनी बगितलात?" उत्तराची वाटही न बघता ती उठली, दाराची चौकट धरली. "म्हंजे येऊन गेला. पावसात मी ताडपत्री बांधलेली, वर बगितलंच नाय. रातचा आला असंल. बाप नाय बगून गेला असंल परत. मी खाली झोपलेली, भाऊ, मी खालीच झोपलेली!"

ती अनवाणी रस्त्यावर धावली आणि मान वर करून बघायला लागली. वर सहावा पोपट होता तसाच होता, पाठ फिरवून.

आता मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. की मी एकच जोडी काढली आणि बटण दाबून बाकीचे भरले. की सरळ कोणी केला नाही, मी केला, बोईसरला खुर्चीत बसून. ती ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती परत येऊन ओट्यावर बसली आणि वाट्या एकात एक घालायला लागली, आणि कागद आपोआप गुंडाळला गेला.

मग तिने सांगितलं. आळीतल्या प्रत्येक मुलाचा बारशाला एक पोपट ठरायचा. पुरुष गलबतावर निघाला की घरातला वडीलधारा त्याचा पोपट फिरवून ठेवायचा. तो परत आला की आधी माडीवर जाऊन आपल्या हाताने सरळ करायचा, मग पाणी प्यायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. माणूस गेला की त्याचा पोपट काढून सरणावर ठेवायचा. समुद्रात गेला, देह मिळाला नाही, तर नुसता पोपट जाळायचा. म्हणून खाच म्हणजे मेलेला, आणि पाठमोरा म्हणजे जिवंत, वाटेवर असलेला. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसतं वर बघून कळायचं कुठल्या घरातले किती कुठे आहेत.

पाचवा पोपट तिच्या नवऱ्याचा, कमलेशचा. सहावा मुलाचा, दर्पणचा. दर्पणला बोटीवर जायचं होतं, बापाला वाटत होतं कंपनीत चिकटावं. एका संध्याकाळी शब्दाला शब्द लागला आणि बापाने एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडात मारली. सकाळी पोरगा नव्हता. दोन महिन्यांनी कांडला बंदरावरून एक फोन आला, मालवाहू बोटीवर आहे म्हणून, त्यानंतर काही नाही. त्याला अकरा वर्षं झाली. फोन आला त्याच दिवशी कमलेशने माडीवर जाऊन पोपट फिरवला. चार वर्षांनी तो स्वतः गेला आणि पाचव्याची खाच झाली.

"लोक बोलतात, पोरगा नसंल आता," ती म्हणाली. "मी वर बोट दाखवते. पाठमोरा हाय म्हंजे हाय."

मी म्हटलं, मावशी, तो पोपट आत्ता काढून देतो तुम्हाला. जवळ ठेवा. घराचं काय व्हायचं ते होवो.

ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. "काडायचा? माजा पोरगा मेलाय काय?"

नोटिशीत सुनावणी शुक्रवारची होती. ठरवलं की शुक्रवारी कबूल करायचं, आणि रविवारी येऊन सातही घरं नव्याने मोजायची, एकेक खाच, एकेक उलटा पोपट, प्रत्येकाची फुटकी चोचसुद्धा. शॉपमध्ये टाकीचं काम अडलं होतं म्हणून रविवार. आणि रविवार काही लांब नव्हता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने आम्ही पालघरला गेलो. मावशीने ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत कमलेशचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि दर्पणचा दहावीचा फोटो घेतला होता. तिथले साहेब चांगले होते, उगाच खोटं कशाला बोलू. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी म्हटलं, साहेब, ही ड्रॉइंगं चुकीची आहेत, घरं एकसारखी नाहीत, मी कॉपी केली. त्यांनी फाईल काढली, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"प्रत्यक्ष मोजमापानुसार. ही तुमचीच सही ना?"

"हो."

"मग आता कशावर विश्वास ठेवू? तेव्हाच्या तुमच्यावर की आत्ताच्या?"

मी पोपटांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. म्हणाले, असं काही असेल तर सगळंच वेगळं झालं असतं, सातही घरं ठेवावी लागली असती, कुठेच नसेल असं हे. सोमवारी लेखी अर्ज आणा, सुधारित आराखडा जोडा, मी समितीपुढे ठेवतो. मावशीने त्यांना नमस्कार केला. बाहेर येऊन तिने मला उसाचा रस पाजला. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मला मुरबे गावच्या तिच्या बहिणीकडच्या गमती सांगत होती. इतकी बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं. मीही तिच्या आशेत स्वतःला सामील करून घेतलं. वाटलं, निस्तरतंय.

आळीच्या तोंडाशीच धूळ दिसली. सुनावणी एका कार्यालयात होती आणि घरं पाडायचं मशीन दुसऱ्याने पाठवलं होतं, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. काम सातव्या घराकडून सुरू झालं होतं. सातवं, सहावं, पाचवं. मावशीची भांडी, गादी, देवाचा फोटो असं सगळं मास्तरांच्या ओट्यावर नीट मांडून ठेवलेलं होतं. मजुरांनी चहाच्या कपाला कप लावून ठेवले होते. पाचव्या घराच्या जागी आरपार खाडी दिसत होती.

ती मटकन खाली बसली नाही, रडली नाही. "लाकडं कुटं गेली?" एवढंच विचारलं.

लाकडं बोईसर रस्त्यावरच्या एका जुन्या मालाच्या वखारीत गेली होती. रिक्षाने गेलो. तुळया, दारं, खिडक्या सगळं लावून ठेवलेलं. पोपट मात्र एका कोपऱ्यात ढिगाने पडले होते, तीन घरांचे सगळे एकात एक. हिरवे, एका मापाचे. मावशी त्या ढिगाशी बसली.

एक उचलला, उलटसुलट केला. दुसरा उचलला. मांडीवर दोन समोरासमोर धरले, एक फिरवला, पुन्हा सरळ केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि तिच्या माझ्याआधी आलं असणार. कठड्यात असेपर्यंतच त्यांना पाठ होती. खाली काढल्यावर कुठलाच पाठमोरा नाही, कुठलाच सरळ नाही. दोन्हीकडून कोरलेलं लाकूड, हवं तसं धरा.

"भाऊ," ती हलकेच म्हणाली, "तुमच्या कागदात बगा ना. सहावा कसा होता? चोच फुटकी होती, काय होती? मी अकरा वर्षं खालनंच बगितला, हात नाय लावला कदी."

मी प्रिंट काढली नाही. काढून काय दाखवणार? माझा सहावा पोपट पहिल्या घरातल्या दुसऱ्या पोपटाची प्रत होता. मोबाईलमध्ये रस्त्यावरून काढलेला एक फोटो होता, तो मोठा करून बघितला. निळी ताडपत्री, तिच्याखाली हिरवट ठिपके. आणखी मोठा केला तर नुसते चौकोन. वर सज्ज्यात मी फोटो काढलेच नव्हते, कारण पोपट तर पहिल्या घरात काढून झाले होते.

"नाही कळत, मावशी," मी म्हटलं.

वखारवाला मागे येऊन उभा होता. "चाहिए तो एक-दो ले जाओ, अम्मा," तो म्हणाला. "बाकी सब कल बॉयलर में जाएगा. छोटा माल है, कोई लेता नहीं."

"जाळनार?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, आपण सगळे घेऊ, मी टेम्पो आणतो, माझ्याकडे ठेवतो. तिने ढिगाकडे बघून मान हलवली. "कुनाकुनाचे हायत हे. कुनी आलं सरळ करायला, तर कुटं करनार? तुमच्या गॅलरीत?" हातातले दोन तिने परत ढिगावर ठेवले, कोणाला लागू नये अशा बेताने. "जळला म्हंजे गेला, असं आमच्यात असतं. आता मी काय मानू ते सांगा."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "सोमवारी मी अर्ज देतो. ड्रॉइंग दुरुस्त करतो. पाचवा काढतो, सहावा फिरवतो. निदान कागदावर तरी खरं राहील."

ती माझ्याकडे वळली. "तुमच्या कागदात दोगंबी हायत ना? बाप नि पोरगा?"

"हो."

"समोरासमोर?"

"हो, मावशी."

"मंग त्याला हात लावू नका," ती म्हणाली आणि लुगड्याला लागलेला भुसा झटकून उठली. "आला, बापाशी बोलला. राऊ द्या तसंच."

त्याच संध्याकाळी मी तिला मुरब्याला बहिणीकडे सोडलं. अर्ज लिहून तयार होता, सुधारित आराखड्याचा कोरा कागदही जोडलेला होता. सोमवारी मी पालघरला गेलो नाही, उरलेल्या तीन घरांसाठीसुद्धा नाही. शॉपमध्ये गेलो आणि टाकीचं ड्रॉइंग पूर्ण केलं.